धाकटीची गोळी

थोरली कपडे शिवायची. पुढं दुकान, मागं राहायची खोली. तिची मूत्रपिंडं निकामी होत चालली होती. अळणी जेवण, बेतानं पाणी, सगळं ती निमूट सोसत होती. धाकट्या बहिणीचं सुख मात्र तिला लहानपणापासून सोसत नसे.

मग धाकटीचाही चेहरा सुजू लागला. भर उन्हाळ्यात थंडी वाजायची, आवाज घोगरा झाला, जिना चढवेना. रक्त तपासलं तर तिचंही क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडांनी गाळून टाकायचा कचरा, वाढलेलं. थोरलीनं तिला जवळ घेतलं, रडलीही. पण आतून जरा बरंच वाटलं. आपल्याला जोडीदार मिळाली.

डॉक्टरीणबाईंनी ते समाधान फार टिकू दिलं नाही. धाकटीची मूत्रपिंडं मुळात चांगली होती. गळ्यातली थायरॉइड ग्रंथी सुस्तावली होती. तिचा हार्मोन कमी पडला की हृदय मंदावतं, मूत्रपिंडांना रक्त कमी पोचतं आणि गाळायचं काम रेंगाळतं. रोज सकाळी उपाशीपोटी एक गोळी घ्यायची, बस्स.

काही महिन्यांत धाकटी टवटवीत झाली, क्रिएटिनिनही उतरलं. थोरलीच्या अंगाचा तिळपापड झाला. हट्टानं तिनंही थायरॉइड तपासून घेतला. तो ठणठणीत निघाला, तशी ती घरी येऊन भिंतीकडं तोंड करून बसली.

शेवटी तिनं धाकटीच्या कपाटातल्या गोळ्या लांबवल्या आणि आपल्यालाही लागू पडतील म्हणून मूठमूठभर घेऊ लागली. हात थरथरू लागले, सुईत दोरा ओवेना. एका दुपारी छाती इतकी धडधडली की ती मशीनवरच आडवी झाली.

डॉक्टरीणबाई चांगल्याच रागावल्या. ज्याची ग्रंथी नीट आहे त्याला ही गोळी औषध नाही, हृदयावर घाला आहे, म्हणाल्या.

धाकटी खाटेशी बसून होती. "ताई, मागायचं तरी होतंस."

"काय दिलं असतंस? तुझं नशीब?"

धाकटीनं चादरीची सुरकुती सरळ केली. मग म्हणाली, "ते कुठून देऊ? मूत्रपिंड देता येतं. मी डॉक्टरीणबाईंना विचारलंय."

तपासण्या झाल्या, जुळलं, शस्त्रक्रियाही सुखरूप पार पडली. थोरली आता पोटभर पाणी पिते, दिवसभर मशीन चालवते. कपडे टाकायला आलेल्या बायका म्हणतात, बहीण असावी तर अशी. ती मान डोलावते. देण्याचा मोठेपणाही धाकटीच्याच वाट्याला गेला, हे तिला अजून खुपतं.