कुबातच्या गोळ्या आणि सालकिनचे आकडे

डोंगराळ नारिन शहराच्या दवाखान्यातल्या प्रयोगशाळेत सालकिन सत्तावीस वर्षं लोकांची लघवी तपासत होती, आणि या कामाची तिला कधी लाज वाटली नव्हती. डॉक्टर ओरोझाली मात्र चारचौघांत तिची ओळख ‘आमची बाटलीवाली’ अशी करून द्यायचे.

एका वसंतात कुबात आला. घाटमाथ्यावर बर्फ हटवणारं यंत्र चालवणारा, चाळिशीतला दांडगा गडी; पण बदकासारखा डुलत चालायचा आणि घोड्यावर चढायला त्याला दोघांचा आधार लागायचा. डॉक्टरांनी संधिवात ठरवून मलम दिलं. सालकिनला त्याच्या रक्तात फॉस्फरस फार कमी आणि लघवीत फार जास्त सापडला. म्हणजे हाडांचं बळ लघवीवाटे वाहून चाललं होतं. डॉक्टर म्हणाले, नळ्या नीट धूत जा. तिने नव्या नळ्यांत तीनदा तपासलं, आकडा तोच आला. मग ते म्हणाले, हाडं मऊ पडण्याचा असला आजार लाखात एखाद्याला, तोही जन्मजात असतो. याला या वयात कुठून होणार?

तिने कुबातलाच काय काय खातोस म्हणून विचारलं. त्याने खिशातून गोळ्यांचं पाकीट काढलं. डायकार्ब, लघवी वाढवणारी. उंचीवर डोकं दुखतं म्हणून सहा वर्षं तो ती रोज घेत होता.

“रोज घ्यायला सांगितली कुणी?”

“कुणीच नाही, एजे,” थोरल्या बहिणीला म्हणतात तसं तो म्हणाला, “पण बंद कर असंही कुणी म्हणालं नाही.”

या गोळ्यांनीच फॉस्फरस वाहून जातोय, असं तिने सांगितल्यावर डॉक्टर हसले. अर्थ लावणं प्रयोगशाळेचं काम नव्हे, असं त्यांनी बजावलं. तेव्हा सालकिनने अकरा दिवस त्याच गोळ्या स्वतः घेतल्या. बोटांना मुंग्या आल्या, मीठ घातलेला दुधाचा चहा पितळेसारखा लागू लागला. रोज तिने आपली लघवी तपासली. फॉस्फरस वाढला आणि गोळ्या थांबवताच उतरला. तो कागद तिने दवाखान्याच्या भर बैठकीत डॉक्टरांपुढे ठेवला. नाइलाजाने त्यांनी कुबातच्या गोळ्या बंद केल्या आणि फॉस्फरसचं औषध सुरू केलं. पाच महिन्यांनी तो कुणाचा हात न धरता घोड्यावर बसला.

आता डॉक्टरांना शोधनिबंध लिहावासा वाटू लागला. त्यावर नाव एकट्याचंच. बाटल्या धुणाऱ्यांची नावं छापत नाहीत, म्हणाले.

“मग माझे आकडे परत द्या.”

“ते दवाखान्याचे आहेत.”

“त्यातले अकरा दिवसांचे माझ्या अंगातून निघालेत.”

दुसरं नाव तिचं लागलं. निबंध राजधानी बिश्केकला गेला, पण तिथल्या प्राध्यापकांनी कळवलं, एका माणसावरून काही सिद्ध होत नाही. हे तिलाही पटलं. म्हणून रजा काढून ती घाटातल्या रस्ता-कामगारांच्या छावण्यांवर गेली. परतताना बसमध्ये मांडीवर लघवीच्या बाटल्यांचा खोका होता आणि शेजारचे प्रवासी नाक मुरडत होते. ती जागची हलली नाही. गोळ्या घेणाऱ्या चौदाजणांत दोघांचा फॉस्फरस कुबातसारखाच निघाला. डॉक्टरांना न विचारता तिने ते आकडे स्वतःच्या सहीने बिश्केकला धाडले.