देवळाबाहेर काढलेल्या सँडल

सुनेने नव्या चपलांचा खोका उघडला आणि रेक्झिनचा तोच वास आला. मी मद्रासच्या आमच्या गच्चीवर जाऊन पोचले.

मी बुटकी, म्हणून आईने दाखवण्याच्या कार्यक्रमासाठी उंच टाचांच्या सँडल आणल्या होत्या. रोज संध्याकाळी वाळत घातलेल्या साड्यांमधून ती मला चालवायची. "खाली बघू नकोस. टाच आधी टेकव." माझी बोटं बधिर व्हायची. लग्न करायचंय का, हे मला कुणी विचारलं नव्हतं; मीही स्वतःला विचारलं नव्हतं. आता कळतं, आम्हा दोघींत धास्ती तिलाच होती.

मुलाकडच्यांनी तिरुवल्लिकेणीच्या देवळात भेटायचं ठरवलं. दाराशी फुलवालीजवळ सगळ्यांनी चपला काढल्या, तेव्हा कुठे आईच्या लक्षात आलं. तिने माझ्याकडे पाहिलं. मी सँडल काढल्या आणि तापलेल्या दगडावर उतरले, पुन्हा होते तेवढीच.

"जरा ठेंगणीच आहे," मुलाची आई हळूच म्हणाली. मला काहीच वाटलं नाही.

परतताना बसस्टॉपपर्यंत मी त्याच सँडल घालून सरळ चालत गेले, एकदाही न अडखळता. आई मागून येत होती.

"आता छान जमतंय तुला," ती म्हणाली.