भांडण कन्नडात, जेवण मराठीत

आमच्या मल्लेश्वरमच्या घरात एक रीत आहे, कुणी घातली देव जाणे. घरचं बोलणं मराठीत आणि राजकारण कन्नडात. कितीतरी पिढ्या इथे, कन्नड मुलखातच गेल्या, पेपर कन्नड, मग भांडणही कन्नडच. त्यात बायकांनी आपलं मराठीतच राहायचं, हेही न सांगता ठरलेलं.

महामारीत सरकारची तिजोरी आटली आणि खर्चाला कात्री लागली. अण्णा, म्हणजे माझे वडील, सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले. ते म्हणायचे, अंथरूण पाहून पाय पसरावेत, सरकारनंसुद्धा! दादा म्हणायचा, लोकांचे हात रिकामे असताना सरकारनंही मूठ आवळली तर बाजार चालायचा कसा? मला दोघांचंही पटायचं, हीच तर पंचाईत. बरं, पेन्शनवरचा महागाई भत्ता थांबला तेव्हा अण्णाच कडाडले. आणि दादाच्या कंपनीनं माणसं काढली तेव्हा तो म्हणाला, "त्यांना करावंच लागतं रे बाबा." आता बोला! कोण कुठल्या बाजूचा, काही कळेना.

वहिनी सरकारी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायची. कायम नव्हे, वर्षावर्षाच्या बोलीवर. अशा लोकांना यंदा बोलावणार नाहीत, अशी कुजबुज होती. घरात तिला त्याबद्दल कुणी विचारलं नाही. मीही नाही.

एका शनिवारी दुपारी आम्ही जेवत होतो, वहिनी वाढत होती. अण्णा आणि दादाची नेहमीप्रमाणे जुंपली होती. तिचा फोन वाजला. ती बाल्कनीत गेली, परत आली, हातात पळी घेतली. आणि कन्नडात बोलली, वर्गात बोलत असेल तशा खणखणीत आवाजात.

"तुम्ही ज्या कपातीवर भांडताय ना, ती मी. आत्ताच कॉलेजनं कळवलं."

दादाचा घास हातातच राहिला. ते कॉलेज म्हणजे तिचा जीव की प्राण होता. अण्णा मराठीत म्हणाले, "आधी जेवून घे गं, बाळ."

ही माया होती की तिला वादातून परत स्वयंपाकघरात पाठवणं, मला आजही सांगता येत नाही. आवाज तर अगदी मऊ होता. मला रडू आलं आणि अण्णांचा भयंकर रागही आला, दोन्ही एकदम.

वहिनीनं पळी त्यांच्या ताटाशेजारी ठेवली आणि समोर बसली. "सरी," म्हणजे बरं, ती कन्नडातच म्हणाली. "थोडं तुम्हीच वाढा." अण्णांनी जन्मात कुणाला वाढलं नव्हतं. उठले बिचारे, अर्धी आमटी टेबलावर सांडली, पण वाढलं.

नोकरी काही परत मिळाली नाही. कपात बरोबरच होती असं अण्णा अजून म्हणतात, पण वहिनी घरात नसली तरच. ती आली की लगेच मराठी सुरू होते, आज भाजी काय, ऊन किती.

ती उत्तर कन्नडात देते.