नऊ हजार नऊशेचा आकडा आणि पंधरा फूट पाणी

१२ मे, सकाळी अकरा वाजून दहा मिनिटं. लोहाऱ्याजवळच्या एका शेतात, विहिरीत पंधरा फूट पाण्याखाली माझ्या नवऱ्याच्या हातातली डायव्ह टॉर्च बंद पडली. वेळ मला पक्की माहीत आहे, कारण मी काठावर घड्याळ बघतच उभी होते.

आमचे हे रिटायर झाल्यापासून विहिरीत बुड्या मारतात. कुणाच्या मोटारीच्या पाइपाचा तळातला फूटव्हॉल्व्ह गाळात रुतला की फोन आमच्याकडे... वय सासष्ट, पण पाणी दिसलं की नऊ.

कमरेला दोर, वर दोन माणसं. खालून तीन झटके आले की ओढायचं, एवढाच करार. त्या दिवशी झटके आले, माणसांनी ओढलं, दोर ताणला... पण माणूस येईना.

खाली मिट्ट अंधारात जुन्या केबलच्या वेटोळ्यात पाय अडकला होता. चाचपडत यांनी तो सोडवला, तेव्हा कुठं डोकं पाण्याबाहेर दिसलं. मध्ये किती सेकंद गेले ते मी मोजलेत. सांगणार नाही.

नडगी सोललेली, आणि वर आल्यावर पहिलं वाक्य काय, तर "टॉर्च सोडली न्हाय बरं का मी."

मी तिथंच फैलावर घेतलं. टॉर्चच्या रबरी रिंगला हे खोबरेल लावतात. सिलिकॉन ग्रीस आणा, असं शंभरदा सांगून झालंय. "डोक्याला लावायचं ते टॉर्चला लावलं, गेलं असणार पाणी आत," मी म्हणाले. "डोक्यावर केस कुठं राहिलेत? उरलेलं तेल कुठं घालू?" इति हे.

घरी येऊन टॉर्च उघडली, तर आत ठणठणीत कोरडी. म्हणजे खोबरेल निर्दोष. मी शब्द मागे घेतले... मनातल्या मनात.

मग सेल हातात घेतला. टेलिफोन एक्स्चेंजच्या बॅटरी रूमशेजारी माझी एकोणतीस वर्षं गेली आहेत, बॅटरी हलकी लागली की मला शंका येते. शेजारच्या सराफांच्या काट्यावर ठेवला. या मापाचा चांगला लिथियम सेल पंचेचाळीस ग्रॅमच्या आसपास भरतो. हा भरला एकोणतीस.

आणि अंगावर छापलंय, नऊ हजार नऊशे एमएएच. एवढ्याशा नळकांड्यात साडेतीन हजाराच्या फार वर काही मावतच नाही. सराफ म्हणाले, "ताई, सोन्यात आम्ही असं केलं असतं तर गावानं धुतलं असतं."

"दुकानात साडेतीन हजार एमएएचचाही होता ना? मग हाच का उचललात?" मी यांना विचारलं. नडगीवरची पट्टी नीट करत हे म्हणाले, "तू काठावर उभी ऱ्हातीस. उजेड जास्त वेळ दिसला तर तुला बरं वाटंल, म्हणून मोठ्या आकड्याचा घेतला."

कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरांनी इंग्रजी शिकवलं आणि जिभेवर ताबा शिकवला. दुसरं मला कधीच जमलं नाही. त्या दुपारी आपोआप जमलं...

आता नियम माझे. सेल ओळखीच्या कंपनीचा आणि वजन करूनच. बुडीच्या आदल्या दिवशी समोर बसून चार्ज करायचा. काम नसेल तेव्हा अर्धा भरलेला, टॉर्चमधून काढून प्लास्टिकच्या डबीत, गार कपाटात. पत्र्याच्या शेडमध्ये नाही, किल्ल्यांबरोबर खिशात तर नाहीच. आणि कमरेला दुसरी टॉर्च असल्याशिवाय पाण्यात पाय नाही. यांनी सगळं मान्य केलंय, याबद्दल त्यांचे जाहीर आभार.

राहिले हा सेल विकणारे सोलापूरचे दुकानदार. तुमचं नाव इथं लिहिलेलं नाही, हा माझा चांगुलपणा समजा. फोनवर तुम्ही म्हणालात, "मॅडम, आकडा छापणारे वेगळे, आम्ही नुसतं विकतो."

३० मे, संध्याकाळी पाचच्या आत मला लेखी उत्तर हवं आहे, सही-शिक्क्यानिशी. मोबाईलवर जोडलेल्या हातांचं चित्र पाठवलेलं चालणार नाही. प्रश्न एकच आहे. हा सेल घातलेली टॉर्च देऊन तुम्ही तुमच्या घरच्या माणसाला विहिरीत उतरवाल का? हो किंवा नाही, एवढंच लिहा.