माजिवड्यापर्यंत सुलभा, पुढे कमल

आंबिवलीहून निघालो तेव्हा सकाळचे सात वाजले होते. पिशवीत माझे सगळे कागद, तांदळाच्या भाकऱ्या आणि सुकट (वाळवलेली बारीक मासळी). जायचं होतं फक्त ठाण्याला, पासपोर्टच्या ऑफिसात, पण शिदोरीशिवाय मी घराबाहेर पडत नाही. आमची रश्मी मस्कतला असते. तिला सातवा लागला होता, आणि तिला सासू नाही. बाळंतपणाला मी गेले नाही तर कोण जाणार? आणि मी तर तोवर विमानतळसुद्धा बाहेरूनच पाहिलेला.

ह्यांचे गुडघे रेल्वेचे जिने चढू देत नाहीत, म्हणून कल्याणहून बस धरली. शीळफाट्याला ती अशी अडकली की पुढच्या टँकरच्या मागे काय काय लिहिलंय ते मला पाठ झालं. हे दर पाच मिनिटांनी घड्याळ बघून "गेली अपॉइंटमेंट" म्हणत होते. बायपासला लागल्यावर एकदाचा वारा आला. खाली मुंब्र्याची दाटीवाटीची घरं, पलीकडे चमकणारी खाडी. एवढी वर्षं इथे राहून मी हे कधी पाहिलं नव्हतं.

माजिवड्याला उतरून रिक्षाने ऑफिस गाठलं. दारावरच्या रखवालदाराने पिशवी उघडली आणि लगेच मान मागे घेतली.

"मावशी, हे आत नाही न्यायचं. काकांची अपॉइंटमेंट आहे?"

"नाही, माझी एकटीची."

"मग काकापण बाहेरच."

अशा रीतीने सुकट आणि नवरा बाहेर ठेवून मी एकटी आत गेले. आत गारेगार. टोकन घेतलं, फोटो काढला, बोटांचे ठसे दिले. दुसऱ्या खिडकीत रश्मीच्या वयाची मुलगी बसली होती. तिने कागद चाळले आणि शाळेच्या दाखल्यापाशी थांबली. तो दाखला खरं तर कोणी मागितला नव्हता. सातवीला मी शाळेत पहिली आलेले, तसं त्यावर गुरुजींनी लिहिलंय, म्हणून मी तो हौसेने वर ठेवला होता.

"काकू, ह्यावर कमल आहे. आधारवर सुलभा. फॉर्ममध्ये तर तुम्ही लिहिलंय, नाव कधीच बदललं नाही."

"मी कुठे बदललं? ह्यांनी बदललं. लग्नात ताटात तांदूळ पसरले, त्यात ह्यांनी अंगठीने सुलभा लिहिलं. मला वाचून दाखवलं तेव्हा कळलं."

शेजारच्या खिडकीतला माणूस हसला. ती मुलगी मात्र हसली नाही. "राजपत्रात नाव छापून आणावं लागेल, काकू. त्याशिवाय पुढे जाणार नाही." माझा चेहरा पडलेला पाहून हळूच म्हणाली, "पण आणायच्या आधी ठरवा. पासपोर्टवर कुठलं नाव पाहिजे तुम्हाला?"

मी कागद गोळा करायला लागले. छत्तीस वर्षांत हे मला कोणी विचारलंच नव्हतं.

माजिवड्याच्या बसस्टॉपवर आम्ही डबा उघडला. दोन बायका नाकाला पदर लावून पलीकडे सरकल्या. मी ह्यांना सगळं सांगितलं आणि शेवटी म्हणाले, "मला कमल पाहिजे."

"अगं, वेडी का तू? आधार, पॅन, बँक, सगळं बदलावं लागेल. पोरगी तिकडे वाट बघतेय."

"कमलमध्ये काय वाईट होतं, तेवढं सांगा."

ह्यांनी भाकरीचा तुकडा परत डब्यात ठेवला. "काही नाही. मोठ्या वहिनी पण कमलच होत्या. एका घरात दोन कमल नकोत, असं आई म्हणाली." मग म्हणाले, "मला तर आवडायचं ते."

"मग हे सांगायला छत्तीस वर्षं लागली?"

राग आला होता, पण भाकरी मी त्यांना आणखी एक वाढली.

त्या संध्याकाळी रश्मीला फोन लावला. वाटलं, ओरडेल. ती म्हणाली, "आई, तुला हवं तेच कर. मी थांबेन गं, बाळाचं काही सांगू शकत नाही."

मग जी धावपळ झाली तिला तोड नाही. राजपत्राचा फॉर्म ह्यांनीच भरला. जुनं नाव सुलभा, नवीन नाव कमल, असं स्वतःच्या हाताने लिहिलं आणि दोनदा वाचून पाहिलं. राजपत्र आलं, मग आधार, मग पॅन. इकडे एकेक कागद येत होता, तिकडे रश्मीचे दिवस भरत होते. माझी झोप उडाली. आपल्या हट्टापायी पोर एकटी पडली तर?

दुसऱ्यांदा निघालो तेव्हा शीळफाटासुद्धा शहाण्यासारखा मोकळा होता. ह्या वेळी सुकट नेली नाही. दोन खिडक्या पार झाल्या, आणि तिसऱ्या, शेवटच्या खिडकीतल्या साहेबांनी कागदांवरून मान वर करून विचारलं, "कमल पवार?"

"हो, मीच!" इतक्या मोठ्याने म्हणाले की सगळ्यांनी वळून पाहिलं. परत येताना माजिवड्याला आम्ही दोघांनी झणझणीत मिसळ खाल्ली, नाकातोंडातून पाणी येईस्तोवर.

पोलीस चौकीवरची सही झाली आणि नववा लागायला चार दिवस असताना पोस्टमन आमच्या चाळीत आला. मी आत पोळ्या लाटत होते. खालून त्याचा आवाज आला, "कमल पवार कुठे राहतात?"

शेजारच्या शिंदेवहिनी नळावर होत्या. त्या ठामपणे म्हणाल्या, "कमल? अशी कोणी नाही हो ह्या चाळीत. वीस वर्षं राहतेय मी इथे."

बरोबरच होतं त्यांचं. इथे मी सुलभाताई, नाहीतर रश्मीची आई. लाटणं टाकून मी दाराशी धावले, तर हे माझ्या आधीच गॅलरीत. दुखऱ्या गुडघ्यांचा माणूस कठड्यावर वाकून ओरडत होता, "ओ पोस्टमन! जाऊ नका! कमल इथेच राहते! कमल माझी बायको आहे!"

सगळी चाळ बाहेर आली. शिंदेवहिनी तोंडावर हात ठेवून वर बघत राहिल्या. पिठाच्या हाताने मी सही केली, कमल पवार.

रश्मीची मुलगी जन्मली तेव्हा मी मस्कतला तिच्या उशाशी होते. परत आल्यापासून जो तो विचारतो, परदेशात काय काय पाहिलं? समुद्र, किल्ला, मोठाले रस्ते, सगळं सांगते. पण मोठा प्रवास मला आंबिवली ते ठाणे हाच वाटतो. तिथे जाताना माझं नाव घरात कोणी घेत नव्हतं. आता सकाळी चहा हवा असला की हे आतून हाक मारतात, "कमल!" आणि मी मुद्दाम ती दोनदा मारायला लावते.