नवे नियम सोपे आहेत, हेच माझं दुखणं

गड्यांनो, आज सांगलीत फासे टाकून योद्ध्यांच्या भूमिका खेळायच्या आमच्या रोलप्लेइंग गेमची नवी आवृत्ती खेळलो. डोकं अजून तापलंय.

कॉलेज अर्ध्यात सोडलं, पण जुन्या आवृत्तीचे किचकट नियम मला तोंडपाठ. तलवारीचा एक घाव घालायचा तरी तीन तक्ते बघावे लागायचे. दर फाशाला आमच्या टोळीतली शर्वरी माझ्याकडं वळायची, "आता किती मिळवू रं?"

आज पुण्याहून आलेल्या निखिलनं नवे नियम चहा होईस्तोवर शिकवले. शर्वरीनं एकटीनं राक्षस पाडला आणि टाळी दिली त्याला!

मी भडकलो, "ह्यो पोरखेळ हाय!"

ती हसून म्हणाली, "मला तर आज पयल्यांदा खेळल्यासारखं वाटलं रं."

नवी आवृत्ती लय सोपी आहे, मान्य. पण आता तिनं माझ्याकडं वळायचं तरी कशासाठी? सांगा की.