ओले हात, कोरडं फडकं

जुन्या धोतराचं एक मऊ, पांढरं फडकं गिटारच्या एकेका तारेवरून हळूहळू सरकतंय... मानवतच्या आमच्या घरातली संध्याकाळ मला आजही अशीच दिसते. बाहेरून येणारा सरकीचा उग्र वास, ओसरीवर बसलेले अप्पा, त्यांच्या मांडीवर आडवी ठेवलेली गिटार आणि फडक्यावर उमटत जाणाऱ्या काळपट रेघा. "वाजवायचं घटकाभर अन् पुसायचं तासभर!" आई चिडवायची. माझे वडील, अप्पा, शाळेत चित्रकला शिकवत; सदऱ्याच्या खिशात कायम खडू, बोटांना कायम पांढरी भुकटी. गिटार घेण्याआधी मात्र ते हात साबणानं धुऊन खसाखसा पुसत. "तारेचा वैरी पाऊस न्हाई, माणसाचा घाम हाय," असं त्यांचं ठरलेलं वाक्य.

आणि माझे हात तर जन्माचे ओले! ऐन थंडीतही तळव्यांतून पाणी पाझरायचं, वहीची पानं फुगायची. लोणचं घालताना आई मला लांब बसवी – "तू नको गं माय, बुरशी धरती." पंचमीच्या फुगडीत माझी जिवलग मैत्रीण शांता मध्येच हात सोडून ओरडली, "अगं बाई, हिच्या हाताला झरा लागलाय की!" साऱ्याजणी हसल्या, आणि शांतानं परकराला हात पुसले. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. तेव्हापासून मी हात पाठीमागे धरूनच वावरू लागले. गिटार शिकायची अनावर ओढ होती. पण अप्पा नुसतं "बघू पुढं" म्हणत, आणि त्याचं कारण माझे हातच, हे मी मनाशी धरून बसले होते.

ते विद्यापीठाच्या नामांतराच्या आंदोलनाचे दिवस. एसटी आज चालू तर उद्या बंद, दुकानाच्या फळ्या केव्हा लागतील याचा नेम नाही. नव्या तारा हैदराबादहून कुणाकरवी मागवाव्या लागत, तेही थांबलेलं. आहे त्या तारांवरच अप्पांना शाळेच्या गॅदरिंगमध्ये वाजवायचं होतं – साऱ्या गावासमोर, पहिल्यांदाच. अशाच एका दुपारी, घरात कुणी नसताना, मला युक्ती सुचली. आमचं घर शिवभक्तांचं. देवघरात विभूतीचा गोळा असे. भस्मानं हात कोरडे होतील, आणि ते देवाचंच, तारांना कसं बाधेल? दोन्ही तळवे पांढरेफटक केले आणि मन भरेपर्यंत तारा छेडल्या. घामात भस्म कालवलं गेलं आणि जाड तारांच्या वेढ्यांत जाऊन बसलं... संध्याकाळी अप्पांनी तार छेडली, तर झणकाराऐवजी नुसतं 'थप्प'.

त्यांनी तारांकडे पाहिलं, मग माझ्या मनगटावरच्या राखेकडे. धरणीनं पोटात घ्यावं असं वाटत होतं.

"इकडं आण हात."

"नको अप्पा... ओले हायत."

"आण म्हंतो ना."

मी हात पुढे केला. अप्पांनी तो आपल्या हातात घेतला – मला आठवतं तसं पहिल्यांदाच. त्यांचा तळवा माझ्याहून ओला होता.

"माझेच हात आलेत गं तुला," ते खाली मान घालून म्हणाले. "खडू काय उगं चोळत असतो का मी? लोकायला कळू नये म्हणून."

कुणाशी हात न मिळवता दुरूनच नमस्कार करणारे अप्पा, ते साबणानं हात धुणं, तासभर चालणारं पुसणं... सारं एकदम उलगडलं. मला लाज वाटत होती ती माझी; त्यांना स्वतःची, आणि तसेच हात मला दिल्याचीही.

जाड तारा काढून त्यांनी सोड्याच्या पाण्यात उकळल्या, पुसून उन्हात वाळवल्या. आवाज थोडा परतला, सगळा नाही. मग फडकं टर्रकन फाडून अर्धं माझ्या हाती दिलं. "वाजव, अन् पूस. बाकी कायबी न्हाई."

गॅदरिंगमध्ये अप्पांनी त्या बसक्या तारांवर वाजवलं. टाळ्या झाल्या. हेडमास्तरांनी कौतुकानं हात पुढे केला, आणि अप्पांनी हात जोडले. समोर बसल्या बसल्या मी माझे हात परकरात लपवले. गिटार मला आली. हात मोकळे ठेवणं मात्र कधीच आलं नाही. आजही कुणी हात पुढे केला की मी नमस्कार करते – लोक त्याला संस्कार म्हणतात.

अप्पा गेले त्या दुपारी मी त्यांचा हात हातात घेतला. कोरडा होता... अगदी कोरडा. माझ्या तळव्याचं पाणी त्याला लागलं. उशाशी त्यांचं फडकं होतं. मी पुसलं नाही.